तथास्तु म्हणणारं घर

शरयू खांबेटेच्या घरात ‘मेला’ हा शब्द काढायची सोय नव्हती. माणसाचं सोडा, गाडीची बॅटरी मेली असंसुद्धा म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं. हिवाळा होता, दारात बूट काढत होते, तोंडातून निघून गेलं. तर बाईनं मला दंडाला धरून परत बाहेर नेलं, ड्राइव्हवेवर बर्फात उभं केलं आणि म्हणाली, “हं, आता सांग काय झालं बॅटरीला.”

मी पडले फटकळ. गिरगावात वाढले, तिथे पोरांना हाक मारायची तीच ‘मेल्या’ म्हणून. मी विचारलं, “शरयू, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“घर ऐकत असतं, पद्मजा,” ती शांतपणे म्हणाली. “वास्तू तथास्तु म्हणते.”

आता हे मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. आपल्या सगळ्यांच्याच घरात कुंकू संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. पण आपण ते सवयीनं म्हणतो आणि कामाला लागतो. शरयू कामाला लागत नव्हती. ती ऐकत बसायची, घर काय म्हणतंय ते.

नेपरव्हिलमधल्या आमच्या रस्त्यावर सगळी घरं एका साच्यातली. पुढे लॉन, मागे डेक, सकाळी शिकागोच्या गाडीला पळणारे नवरे आणि माझ्यासारख्या काही बायका. पण शरयूच्या घरात पाऊल टाकलं की आपला आवाज आपोआप खाली यायचा. गालिच्यावर गालिचा, त्यावर सतरंजी. टेबलाची, किचनच्या कट्ट्याची, जिन्याच्या कठड्याची सगळी टोकं जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांनी बांधलेली, ठेचाळलेल्या बोटाला चिंधी बांधतात तशी. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागायच्या, पण आवाज बंद करून. बातम्या देणारा माणूस नुसतेच ओठ हलवायचा आणि शरयू आणि तिचा नवरा दिगंबर सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहायचे. अपघात, खून, विमान पडलं, असलं काही घरात बोललं जायला नको ना. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

हे सगळं अनिलसाठी होतं. एकुलता एक मुलगा, आणि जन्मापासून हिमोफिलिया. त्याच्या रक्ताला गोठता येत नव्हतं. शरयूनंच मला ते समजावलं, अर्थात ड्राइव्हवेवर. म्हणाली, जखम झाली की रक्तातले डझनभर घटक एकामागून एक जागे होतात, पहिल्यानं दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तेव्हा कुठे खपली धरते. अनिलच्या रक्तात त्यातला आठवा घटक नव्हताच, म्हणून पुढचे उठायचेच नाहीत. खरचटण्याची भीती त्या मानानं कमी. खरी भीती आतली. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात काही न लागतासुद्धा रक्त साठायचं, आणि चांगला झोपलेला मुलगा सकाळी गुडघ्याचा नारळ घेऊन उठायचा. त्यामुळेच त्याचा डावा पाय वाकडा झाला होता आणि तो काठी टेकत चालायचा.

त्या घरात रक्त हा शब्दही नव्हता. “पाहुणे आलेत,” असं म्हणत. ‘डाव्या गुडघ्यात पाहुणे आलेत,’ असा शरयूचा फोन आला की मी समजायचे, आजचं हळदीकुंकू कॅन्सल.

बाकी तिची बरीच पथ्यं शहाणपणाची होती, हेही सांगायला हवं. ॲस्पिरिननं रक्त आणखी पातळ होतं, म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येकीला ती विचारायची, “पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्या नाहीत ना?” डॉक्टर एकदा सहज म्हणाले होते की मनावर ताण आला की काही मुलांना जास्त त्रास होतो. डॉक्टरांनी सहज म्हटलं, हिनं घराचा कायदा करून टाकला. त्या घरात कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही, आणि मोठ्यानं हसलंही नाही. जे काही वाईट असेल ते दाराबाहेर. भर थंडीत स्लिपरवर, अंगावर शाल घेऊन नवरा-बायको ड्राइव्हवेवर कुजबुजताना दिसायचे. समोरची अमेरिकन म्हातारी मला विचारायची, “आर दे ओके?” मी काय सांगणार, कपाळ?

एकदा मात्र शरयूनं मला मिरजेच्या माहेरची गोष्ट सांगितली आणि त्यानंतर मी तिची थट्टा कमी केली. तिला एक धाकटा भाऊ होता, बाळ. त्याच्याही अंगावर उठसूट काळेनिळे डाग उठायचे, पण त्या काळी नाव कुणाला ठाऊक. एक दिवस तो ओट्यावर चढून डबे खाली पाडत होता. वडील तापट. घरात उभे राहून ओरडले, “मर एकदाचा, म्हणजे सुटेन.” बाळ दचकून उतरला. संध्याकाळी त्याचा दुधाचा दात पडला. सगळ्यांचेच पडतात. बाळच्या दातातून येणारं रक्त काही थांबलं नाही. हळद झाली, तुरटी झाली, वैद्य झाले. शरयू उशाशी बसून उश्यांचे अभ्रे बदलत होती. “बाबा देवापुढे डोकं आपटून म्हणत होते, माझे शब्द परत घेतो,” ती म्हणाली. “पण घर एकदाच ऐकतं, पद्मजा. पहिलं म्हटलेलं.”

अनिल मात्र हसरा पोरगा. मराठी समजायचं सगळं, बोलायचा मोडकंतोडकं, आणि आईची खोडी काढायला पक्का. शाळेला निघताना मुद्दाम म्हणायचा, “आई, जातो.” ती आतून लगबगीनं यायची. “येतो म्हण.” “सेम थिंग, आई.” “म्हण आधी.” मग तो म्हणायचा आणि मला डोळा मारायचा.

आठव्या घटकाची पावडर त्याला बाटलीतून मिळायची. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी तिचे खोके. बाटलीत पाणी सोडायचं, हलवायचं नाही, दोन तळहातांत हळूहळू फिरवायची, रवी फिरवतात तशी, आणि सुईनं शिरेत. ते सगळं तो स्वतःच करायचा. ती पावडर म्हणे हजारो माणसांच्या रक्तातून काढलेली. अनिलला त्याची भारी गंमत. हातात सुई असताना मला म्हणायचा, “मावशी, आज कोण आलंय सांगू? टेक्ससचा ट्रक ड्रायव्हर. अँड वन ओल्ड लेडी. ती झोपूच देत नाही मला.” मी हसायचे. शरयू हसायची नाही. ती त्याच्या पाठीमागे बघायची, कुणी उभं असल्यासारखी.

मग एका वर्षी त्या नव्या आजाराच्या बातम्या यायला लागल्या. टीव्हीवर माणसाचे ओठ हलायचे, खाली अक्षरं यायची, आणि शरयू उठून टीव्हीच बंद करायची. रक्तातून पसरतो, हिमोफिलियाच्या मुलांना झाला, हे मला ऑफिसमध्ये कळलं. तिला कळलं नसेल असं नाही. पण बोलणार कोण आणि कुठे?

त्र्याऐंशीच्या डिसेंबरातली दुपार. मला सुट्टी होती, मी शरयूकडे तिळाच्या वड्या करायला गेले होते. भिंतीवरचा फोन वाजला. अनिलच्या क्लिनिकमधली डोना नावाची नर्स. शरयू “येस, येस” करत होती आणि मग एकदम तिचा चेहरा बदलला. तिनं फोन कानापासून लांब धरला, विंचू धरावा तसा.

“डोना, प्लीज,” ती म्हणाली. “नॉट इन माय हाऊस.”

पलीकडून बाई काहीतरी भराभर बोलत होती. मला शब्द कळत नव्हते, पण घाई कळत होती.

मी म्हटलं, “अगं, ऐकून तरी घे काय म्हणतेय ती.”

“वाईट आहे,” शरयू म्हणाली. “तिच्या आवाजावरूनच कळतंय. इथे नको.” तिनं दाराकडे पाहिलं. फोनची वायर फ्रिजपर्यंतही पुरत नव्हती. मग ती फोनमध्ये म्हणाली, “कॉल माय हजबंड. ॲट वर्क. ही विल टेल मी,” आणि फोन ठेवला.

नंतर वड्या थापताना ती समाधानी होती. संकट आलं आणि तिनं ते उंबऱ्याबाहेर थोपवलं, असं तिला वाटत होतं. मला वाटलं, कुठल्या तपासणीचा निकाल वगैरे असेल.

दिगंबरराव मीटिंगमध्ये होते. त्यांना निरोप उशिरा मिळाला. निरोप मिळाल्यावर त्यांनी घरी फोन केला का? नाही. घरात बोलायचं नाही हा कायदा त्यांच्याही हाडात मुरला होता. ते गाडी काढून, बर्फातून, जमेल तेवढ्या वेगानं घरी निघाले.

मधल्या वेळात अनिल शाळेतून आला. बसमधून उतरताना बर्फावर घसरला होता. “पाहुणे,” तो नुसतं म्हणाला, गुडघा धरून. फ्रिज उघडला, खोकं काढलं. मी त्याच्या समोर बसले होते. शरयू त्याच्या पायाला बर्फ लावत होती. त्यानं बाटली तळहातांत फिरवली, फिरवली, अगदी शांतपणे, आणि पावडर विरघळून पाणी नितळ झालं.

दिगंबरराव आले तेव्हा अंधारायला लागलं होतं. ते आत आलेच नाहीत. गाडी चालूच ठेवून त्यांनी हॉर्न वाजवला, एकदाच. शरयू शाल घेऊन बाहेर गेली. मी खिडकीशी होते. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात बर्फ पडत होता आणि ते दोघं उभे होते. दिगंबरराव बोलत होते, तोंडातून वाफ निघत होती. टीव्हीवरच्या माणसासारखे नुसते ओठ हलताना दिसत होते. आणि मग दोघंही एकाच वेळी वळून खिडकीकडे बघायला लागले.

खिडकीत अनिल होता. माझ्या शेजारी उभा, दंडावर कापसाचा बोळा दाबून. त्यानं आई-बापाला हात हलवून दाखवला.

पावडर बनवणाऱ्या कंपनीनं ते खोकं परत मागवलं होतं. रक्त देणाऱ्यांपैकी एकाला तो आजार निघाला होता. डोना तेच सांगत होती, फ्रिजमधलं वापरू नका.

आता, डॉक्टरांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे सांगते. ते पुढे म्हणाले की अनिल ही पावडर वर्षानुवर्षं घेत होता, आधीच्या कुठल्याही बाटलीतून आजार आला असेल, कदाचित त्या दिवसाच्या कितीतरी आधी. कुठल्या, ते कुणालाच कधी कळणार नाही. दिगंबररावांनी ते धरून ठेवलं. शरयूला ते पटलं नाही. तिला एकच बाटली दिसायची.

पुढे दीड-दोन वर्षं काहीच झालं नाही. अनिल हायस्कूल संपवून कॉलेजात जायला लागला. बाटल्या बदलल्या, आता पावडर तापवून जंतू मारलेली यायची. मग रक्ताची टेस्ट निघाली. निकालाच्या दिवशी मी माझ्या अंगणात पालापाचोळा गोळा करत होते. ते दोघं ड्राइव्हवेवर उभे. दार उघडलं आणि अनिल काठी टेकत बाहेर आला.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “ड्राइव्हवे मीन्स बॅड न्यूज. लहानपणापासून माहीत आहे. खिडकीतून बघून बघून मी लिप-रीडिंग शिकलो, आई.”

तो वळला आणि आत गेला. शरयू त्याच्या मागे धावली, तिच्या मागून दिगंबरराव. मीही गेले, हातातला रेक टाकून, आगाऊ तर आगाऊ. तो दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता. “मला इथे बोलायचंय,” तो म्हणाला. “इट्स माय हाऊस टू. मला तो आजार झालाय. मला भीती वाटते.”

शरयूनं त्याच्या तोंडावर हात दाबला. पण बोलून झालं होतं. आम्ही चौघं तसेच उभे राहिलो. फ्रिजची घरघर चालली होती, ती बंद पडली. असे फ्रिज बंद-चालू होतच असतात, मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी मी त्या घरात एकटी थांबले नसते.

दुसऱ्या दिवसापासून शरयूनं घराशी बोलायला सुरुवात केली. प्रत्येक खोलीत जायची आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणायची, “अनिल बरा आहे. अनिलला काही झालेलं नाही.” जिन्यात, कपाटात, गॅरेजमध्ये सुद्धा. कधी मोठ्यानं न बोललेली बाई. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आवाज यायचा. अनिल वजनानं उतरत चालला, रात्री घामानं भिजू लागला, त्याचा खोकला थांबेना, आणि हिचा आवाज चढत गेला. तो अंथरुणातून म्हणायचा, “आई, घर बहिरं झालंय. लेट इट बी.”

सत्त्याऐंशीच्या शरद ऋतूत त्याला शेवटचं हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं. गाडी दारात लावलेली. मी दार धरून उभी होते. दिगंबररावांनी त्याला कमरेत धरलं होतं, अंगात काही उरलं नव्हतं, नुसता कोट. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला तो थांबला. वळला. आईकडे बघितलं, आणि या वेळी खोडी न काढता, सगळा दम एकवटून, मोठ्यानं म्हणाला, “आई, येतो हं.”

तो परत आला नाही.

त्याला वाटलं, आईला तेवढंच बरं वाटेल. पोरानं शेवटची माया केली. पण शरयूच्या लेखी ते घरात उभं राहून म्हटलेलं होतं. दिवसकार्य झालं ते दुसऱ्यांच्या घरी, तिनं इथे होऊ दिलं नाही. दिगंबररावांना पुण्याला परत जायचं होतं, ती तयार होईना. संध्याकाळी पोर्चचा दिवा लागायचा. आणि टोकं तशीच बांधलेली. पट्ट्या जुन्या झाल्या की ती नव्या बांधायची. मी एकदा चिडून विचारलं, “आता कशाला गं हे?” ती म्हणाली, “आला आणि लागलं तर?”

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण ते दोघं आठवडाभर गावाला गेले असताना मी कुंड्यांना पाणी घालायला गेले होते. वरच्या मजल्यावर काठी टेकल्याचा आवाज आला. टक, आणि मग पाय ओढल्याचा. टक, पाय. माझा नवरा राजीव म्हणाला, लाकडी घरं आहेत, थंडीत आकसतात, कुरकुरतात. असेल. मी पाण्याचा तांब्या तिथेच टाकून घरी आले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून राजीवलाच पाठवलं. तो चार दिवस गेला. पाचव्या दिवशी म्हणाला, कुंड्या आपल्याकडेच आणून ठेवू.

एकोणनव्वदच्या थंडीत राजीवला पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडची नोकरी लागली. सामान गेलं आणि मी शरयूचा निरोप घ्यायला गेले. ती खाली बसून जेवणाच्या टेबलाच्या टोकाला नवी पट्टी बांधत होती. वर टक झालं. आम्ही दोघींनी ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे.

“चल जरा बाहेर,” मी म्हटलं. “मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बाहेर नको,” शरयू म्हणाली. “काय बोलायचं ते ठाऊक आहे मला. इथेच बोल.”

मी टेबलाशी आले.

“तो ‘येतो’ म्हणाला म्हणून अडकलाय, पद्मजा,” ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. “जिन्यावरून वर-खाली करतो. पाय दुखत असेल त्याचा. मला सोडवता येत नाही त्याला, माझ्या तोंडून निघत नाही. यांच्याही निघत नाही. तू फटकळ आहेस. एवढं म्हण आणि मग जा.”

आयुष्यभर ज्या जिभेनं माणसं तोडली, ती टाळ्याला चिकटली. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि त्या घराला सांगितलं, “अनिल गेला. आमचा अनिल गेला. तो आता येणार नाही.”

वर काही वाजलं नाही. आम्ही बराच वेळ ऐकत होतो. चहा होईल एवढा वेळ तरी नक्की.

मग शरयूनं हातातल्या पट्टीची गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा, खालच्या जुन्या पट्ट्या, सगळं उलगडून तिनं मांडीवर घेतलं. आतलं लाकूड कोरं करकरीत होतं, दुकानातून आणलं तेव्हासारखं, आणि टोक चांगलं धारदार. तिनं त्यावर तळहात टेकवला आणि दाबून धरला.

“टोचतं गं,” शरयू म्हणाली, आणि त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं रडायला लागली.